अठ्ठेचाळीस जेवणं

आमच्या घरात हिशेबाची वही माझ्याकडे असते. वाण्याची उधारी, दुधाचे खाडे, ओमकारनं माझ्याकडून उसने घेतलेले (आणि कधीच परत न केलेले) पैसे, सगळं त्यात लिहिलेलं असतं. पाचवीत असताना गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळाले आणि तेव्हापासून ही वही माझ्या गळ्यात पडली ती पडलीच. म्हणून अमेरिकेहून आत्याचा फोन आला तेव्हा ती आईशी बोलायच्या आधी माझ्याशी बोलली.

"सोनू, तुझ्यासाठी एक गणित आहे गं."

गणित असं होतं. २०२४च्या मे महिन्यात आजी, मी आणि ओमकार सुट्टीसाठी आत्याकडे जाणार होतो. आत्या, काका आणि त्यांचा आठ वर्षांचा इशान अटलांटा शहराजवळ राहतात. तिथून मोटारीनं सात तासांवर ऑर्लँडो आणि ऑर्लँडोजवळ डिस्ने वर्ल्ड. १९७१ साली उघडलेलं. आता तिथं चार निरनिराळी उद्यानं आहेत. एकेका उद्यानात दिवस संपतो, पाय संपतात, पण बघणं संपत नाही! आम्ही चार रात्री तिथल्याच एका हॉटेलात राहणार होतो. आणि आत्याचा प्रश्न होता, जेवणाची योजना घ्यायची की नाही?

ही योजना काय असते, ते आधी सांगते. हॉटेलच्या खोलीबरोबरच जेवणाचे पैसेही आगाऊ भरून टाकायचे. मग माणशी दर रात्रीमागे ठरावीक जेवणं तुमच्या खात्यात जमा होतात. काउंटरवर जायचं, हवं ते मागवायचं, कार्ड टेकवायचं, की खात्यातलं एक जेवण वजा! ताट दहा डॉलरचं असो की वीस डॉलरचं, वजा होतं ते एकच जेवण. २००५ साली ही योजना सुरू झाली, करोनाच्या वेळी २०२०मध्ये बंद पडली आणि जानेवारी २०२४मध्ये पुन्हा चालू झाली. तिचे दोन प्रकार. एकात टेबलावर बसून, वेटरनं वाढलेलं एक जेवण असतं, ते महाग. दुसरा प्रकार स्वस्तातला. त्यात रोज माणशी काउंटरवरची दोन जेवणं, एक खाऊ आणि पूर्ण मुक्कामासाठी एक मग. या मगमध्ये हॉटेलात कितीही वेळा चहा, कॉफी, सरबत भरून घ्या. आत्या या दुसऱ्या प्रकाराबद्दल विचारत होती.

दर होता मोठ्यांना रात्रीमागे ५७ डॉलर १ सेंट आणि मुलांना २३ डॉलर ८३ सेंट. (हे २०२४चे दर. ते बदलत असतात, तेव्हा कुणी जाणार असाल तर माझ्या वहीवर विसंबू नका. का, ते पुढं कळेलच.)

मी दोन दिवस बसले. तिथल्या खाद्यगृहांची दरपत्रकं इंटरनेटवर असतात. त्यातले सगळ्यात महाग पदार्थ शोधून काढले. वीस-बावीस डॉलरची ताटं, वर चार-पाच डॉलरचं पेय. दोन जेवणं आणि एक खाऊ मिळून पन्नासच्या वर सहज जात होते, शिवाय मग. मोठी माणसं चार, मुलं दोन. एका रात्रीचे २७५ डॉलर ७० सेंट, चार रात्रींचे ११०२ डॉलर ८० सेंट. तेव्हा एक डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता. मी वहीत लिहिलं : "घ्यावी. फायदा." आणि 'फायदा'खाली दोन रेघा ओढल्या.

आत्यानं योजना घेतली.

आम्ही अटलांटाला पोचलो. निघायच्या आदल्या रात्री काका बुकिंगचे कागद टेबलावर ठेवून झोपायला गेले होते. मी सहज डोकावले. आकडा होता १२३५ डॉलर ५२ सेंट! मी तीन वेळा बेरीज केली. मग बारीक अक्षरातली एक ओळ दिसली. मुलं म्हणजे ३ ते ९ वर्षांची. दहा वर्षं पूर्ण झाली, की माणूस मोठा.

ओमकारला मार्चमध्ये दहा वर्षं पूर्ण झाली होती.

अजून बुटाची नाडी धड बांधता न येणारा आमचा ओमकार तिथं काकांच्या बरोबरीचा माणूस होता. फरक १३२ डॉलर ७२ सेंटचा, म्हणजे अकरा हजार रुपये. नियम तिथं स्वच्छ लिहिलेला होता, मीच तो वाचला नव्हता. आणि काका? त्यांनी पैसे भरून टाकले होते, मला एका शब्दानं बोलले नव्हते. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या रात्री वाटत होतं. मी वहीत नवीन पान काढलं. सहा माणसं, चार रात्री, रोज दोन : एकूण अठ्ठेचाळीस जेवणं आणि चोवीस खाऊ. यातलं एकही वाया जाऊ द्यायचं नाही!

तुम्हाला सांगते, पहिल्या दिवशी मी एखाद्या हवालदारासारखी वागले.

आमचं हॉटेल मजेशीर होतं. त्याचं नाव पॉप सेंच्युरी. १९५० ते १९९०च्या दशकांतल्या वस्तू तिथं इमारतीएवढ्या करून उभ्या केल्यात. जिन्याएवढा उंच रूबिकचा क्यूब बघून ओमकार तो फिरवता येतो का, ते बघायला धावला. मग मग मिळाले. त्यात एक इलेक्ट्रॉनिक चकती असते, त्यामुळं यंत्राला कळतं की हा मग चालू आहे की मुदत संपलेला. दोघं पोरं अर्ध्या तासात चार-चार वेळा सरबत भरून आली. "प्या, प्या, वसूल करा," असं मीच म्हणत होते. दुसऱ्या दिवशी ओमकार तो मग गळ्यात अडकवून उद्यानात घेऊन गेला. पण तो चालतो फक्त हॉटेलात. दिवसभर बिचाऱ्यानं रिकामा मग वागवला.

इशाननं खाऊच्या खात्यातून पाण्याची बाटली मागितली तेव्हा मी त्याचा हात धरला. "पाणी? वेडा आहेस का?" एक खाऊ म्हणजे चार डॉलरची पाण्याची बाटलीही आणि सहा डॉलरचं मिकीच्या तोंडाचं आइस्क्रीमही. आणि बर्फाचं थंड पाणी काउंटरवर मागितलं तर पेला भरून फुकट देतात! ही गोष्ट मला आधीच ठाऊक होती. त्याबद्दल आत्यानं माझी पाठ थोपटली. सकाळच्या न्याहारीलाही मी जेवण खर्चू दिलं नाही. न्याहारीचे पदार्थ जेवणापेक्षा स्वस्त, मग त्यांच्यासाठी एक अख्खं जेवण कशाला घालवायचं? आत्यानं झटपट उपम्याची पाकिटं आणली होती. हॉटेलच्या खानपान विभागातून गरम पाणी आणायचं, पाकिटात ओतायचं, झाकून ठेवायचं, झाला उपमा. आजी म्हणाली, "बरा आहे. फोडणी कुठाय?"

दुसऱ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम. खरेखुरे जिराफ, हत्ती, सिंह मोकळ्या माळावर आणि आपण उघड्या ट्रकमध्ये. ट्रकच्या पुढं एक जिराफ इतका सावकाश रस्ता ओलांडत होता, की आमच्या साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या म्हशी आठवल्या. पण मी तुम्हाला जेवणाचं सांगणार आहे.

दुपारी काकांनी फ्लेम ट्री नावाच्या ठिकाणी भाजलेल्या मांसाचं मोठ्ठं ताट घेतलं. ते दरपत्रकातल्या सगळ्यात महाग पदार्थांपैकी एक होतं. मी वहीत काकांच्या नावापुढं बरोबरची खूण केली. मग बाकीच्यांची पाळी. आजी पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आत्या तिच्याबरोबर असली की तशीच. मी अंडं खाते, पण मांस नाही. ओमकार म्हणजे बटाटा, चीज आणि आइस्क्रीम. तिथं शाकाहारी पदार्थ नसतात असं मुळीच नाही. पूर्ण वनस्पतीजन्य पदार्थांपुढं दरपत्रकात हिरवं पान काढलेलं असतं, ते शोधायचं. रात्री 'अवतार' सिनेमातल्या जगासारख्या केलेल्या भागात सातुली कँटीन म्हणून आहे, तिथं भातावर तळलेलं टोफू मिळालं. आजीनं एक तुकडा चावला, दुसरा चावला.

"पनीर जरा रबरासारखं झालंय, नाही?"

"आई, ते सोयाबीनचं असतं," आत्या म्हणाली.

"मग सोयाबीनसारखं लागायला नको का?" असं म्हणून आजीनं नुसता भात खाल्ला, तोही अर्धाच.

पण माझं लक्ष दुसरीकडंच होतं. शाकाहारी ताट बावीस डॉलरचं नव्हतं. चौदा-पंधराचं होतं! मी घरी बसून काढलेल्या महाग पदार्थांपैकी जवळजवळ सगळे मांसाहारी होते. पेयातही मोठ्या माणसांना बिअर घ्यायची मुभा असते, ती महाग. पण आमच्यात कुणी घेत नाही. म्हणजे योजनेचा दर ज्या माणसाला परवडतो, तो माणूस आमच्यात एकच होता, काका. बाकी आम्ही सगळे रोज माणशी दहा-बारा डॉलर मागं पडत होतो. मी इतकी महाग ताटं शोधली, पण ती खाणार कोण, हे लिहायचा रकाना माझ्या वहीत नव्हताच.

त्या रात्री खोलीत मी वही घेऊन बसले. आजी, ओमकार आणि मी एका खोलीत होतो, बाकीचे शेजारच्या. ओमकार केव्हाच झोपला होता. आजीनं विचारलं, "काय लिहितेस गं एवढं?"

मी चिडलेलीच होते. म्हटलं, "तू अर्धं ताट टाकलंस ना, ते लिहितेय. एक जेवण पंचवीस डॉलरला पडतं आपल्याला. अर्धं म्हणजे हजार रुपये झाले आजी!"

"हजार?"

"हजार."

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं जे विचारलं ते ऐकून मी पेन खाली ठेवलं.

"खाडा धरत नाहीत का इथं?"

आता आजीबद्दल सांगायलाच हवं. आजोबा लवकर गेले. तेव्हा बाबा नववीत आणि आत्या सहावीत. आजीनं साताऱ्यात बावीस वर्षं खानावळ चालवली. कॉलेजची पोरं, एसटीतले कंडक्टर, बदलीवर आलेले कारकून हे तिचे मेंबर. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळा पोटभर, रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी रात्री सुट्टी. कुणी गावाला गेला आणि आदल्या दिवशी सांगून गेला, तर त्याचे तेवढे पैसे वजा. त्याला म्हणतात खाडा. म्हणजे डिस्ने वर्ल्डची ही योजना आजीनं आमच्या सगळ्यांच्या आधी, माजघरात चूल मांडून चालवून बघितली होती! आणि मी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"नाही धरत," मी म्हटलं. "निघायच्या दिवशी रात्री बारापर्यंत खाल्लं नाही, की बुडालं."

"मग त्यांचं बरं चालत असेल." आजी पलंगावर सरळ उठून बसली. एखादा जुना ओळखीचा माणूस भेटावा तसा तिचा आवाज झाला. "अगं, खानावळीचं सगळं गणित न खाणाऱ्यावर असतं. पवारांचा सदा एकावेळी अठरा पोळ्या खायचा. त्याच्या पैशात त्याचा आटासुद्धा निघायचा नाही. पण कुलकर्णी मास्तर तीनच खायचे. त्या दोघांचे पैसे सारखेच. मास्तरांच्या जिवावर सदा जेवायचा. तुझे काका म्हणजे सदा. आणि आपण मास्तर."

मी हसले. आजीही हसली. मग तिनं विचारलं, "सगळ्यांनीच घ्यायला लागते का ही?"

मी नियम पुन्हा वाचून बघितले. एका बुकिंगमधल्या, तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी घ्यावी लागते. (त्याहून लहान बाळांना योजनाच नसते, ती मोठ्यांच्या ताटातलं खातात.) पण आमच्या दोन खोल्यांची तर दोन वेगळी बुकिंगं होती! काकांच्या खोलीला योजना घेऊन आमच्या खोलीला घेतली नसती तर? आजी, मी आणि 'मोठा' ओमकार, तिघांचे रात्रीचे १७१ डॉलर, चार रात्रींचे ६८४. आम्ही तिघं रोख पैसे देऊन जेवलो असतो तर त्यातले कितीतरी वाचले असते. आजीनं पाच मिनिटांत विचारलेला प्रश्न मला दोन दिवस बसून सुचला नव्हता.

"झालं ते झालं," आजी म्हणाली, "दिवा घालव."

पण ते हजार रुपये तिच्या मनातून गेले नव्हते. ते मला रविवारी कळलं.

त्याआधी शनिवार. शनिवारी मॅजिक किंगडम. सिंड्रेलाचा १८९ फूट उंच किल्ला, रात्रीची आतषबाजी, सगळं डोळे भरून बघितलं. ओमकारनं माझ्या 'वसूल'चा नको इतका मान ठेवला. दुपारचं ताट चाटूनपुसून संपवलं, वर अननसाचं डोल व्हिप आणि लगेच गरगर फिरणाऱ्या कपबशांत जाऊन बसला. पुढचं सांगत नाही. त्याचा दुसरा शर्ट बारा तास आधी घालावा लागला, एवढं पुरे.

रविवारी एपकॉट. इथं एका बाजूला विज्ञानाचं आणि दुसऱ्या बाजूला तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. नॉर्वेच्या दालनात 'स्कूल ब्रेड' नावाचा, आत कस्टर्ड आणि वर खोबरं लावलेला पाव मिळतो. तो खाऊच्या खात्यात बसतो आणि मोठा असतो, तेव्हा कुणी गेलात तर विसरू नका. शाळेचं नाव असलेली गोष्ट ओमकारनं पहिल्यांदाच आनंदानं तोंडात घातली.

सकाळी आम्ही होडीतून तिथली हरितगृहं बघितली. मातीचा कणसुद्धा नाही, मुळं हवेत लोंबतायत आणि त्यांच्यावर पाण्यातून खत शिंपडलं जातंय. वर केळी, पपया, मिकीच्या तोंडाच्या आकारात वाढवलेले भोपळे. आणि एकदम आजी ओरडली, "अगंबाई, फणस!" होडीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. आजीनं त्यांनाही हातानं दाखवला. तिथं पिकलेली भाजी शेजारच्याच खाद्यगृहात वापरतात असं कळलं, तेव्हा आजी म्हणाली, "हे मात्र शहाणपणाचं. परसातली भाजी ती परसातली."

मग त्याच शेजारच्या खाद्यगृहात आम्ही दुपारी जेवायला गेलो. मी रांगेत उभी राहून सहाही जणांची मागणी दिली. आजी आज नको म्हणाली नाही. उलट म्हणाली, "घे माझंही." मला बरं वाटलं. सगळे टेबलाशी बसलो. आजीनं पुढ्यातलं ताट जवळ ओढलं. काटा हातात घेतला. आणि आत्यानं एकदम तिचा हात धरला.

"आई, आज एकादशी ना?"

आजीनं वर बघितलं नाही. "असू दे."

"असू दे काय? पन्नास वर्षांत मोडली नाहीस. आजारी होतीस तेव्हासुद्धा."

"पंचवीस डॉलर पडतात म्हणे," आजी हळूच म्हणाली. "उगाच वाया कशाला? लेकीचे पैसे आहेत."

टेबलावर कुणी काही बोललं नाही. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. आत्यानं नाही, काकांनी नाही. ओमकारनं मात्र बघितलं, त्याला सगळं ठाऊक होतं. तो झोपलेला नव्हताच त्या रात्री.

मला काय वाटलं ते मला नीट लिहिता येणार नाही. कानशिलं तापली. ही तीच आजी, जी कॉलेजच्या पोरांना दर एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी वेगळी करून घालायची आणि त्याचे जादा पैसे घ्यायची नाही. पवारांच्या सदाला अठरावी पोळी वाढताना तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. आणि तिच्या अर्ध्या भाताचा हिशेब मी तिला रुपयांत करून सांगितला होता.

मी उठले, आजीपुढचं ताट उचललं आणि काकांपुढं ठेवलं. "काका, तुम्ही खा. तुम्ही सदा आहात."

काकांना काहीच कळलं नाही. पण आजी फिसकन हसली आणि तिच्या हातातला काटा खाली आला.

"आजी, चल माझ्याबरोबर," मी म्हटलं.

आम्ही दोघी काउंटरवर परत गेलो. मी दोन खाऊ वजा करून फळांचे दोन पेले घेतले. माझ्या नियमाप्रमाणं हा घोर अपराध. फळांचा पेला म्हणजे खाऊतला सगळ्यात तोट्याचा व्यवहार! शिवाय पिशवीत डबा होताच. तिथं उद्यानात घरचं खाणं न्यायला बंदी नाही. काचेची भांडी आणि दारू तेवढी चालत नाही. पहिल्याच दिवशी दारावरच्या पहारेकऱ्यानं डबा उघडून आजीचे राजगिऱ्याचे लाडू बघितले होते आणि मान हलवून परत दिले होते. ते लाडू आजीनं आतापर्यंत बाहेरच काढले नव्हते. "विकतचं आधी संपवायचं आहे ना तुला," असं ती आता म्हणाली.

आम्ही सहाही जणांनी लाडू खाल्ले. इशाननं तीन. अमेरिकेतल्या पोरानं राजगिऱ्याचे तीन लाडू!

त्या दुपारी बाहेर धो धो पाऊस कोसळला. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी असा पाऊस नेहमी येतो. आम्ही तिथंच तासभर बसलो. आजीनं माझी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि पानं चाळली. तिनं दोनच दुरुस्त्या सुचवल्या. एक म्हणजे प्रत्येकाच्या नावापुढं खुणा करणं बंद कर. खोलीतल्या सगळ्यांची जेवणं एकाच खात्यात जमा असतात, कुणी किती खाल्ली याला बंधन नसतं, मग माणसागणिक रकाने कशाला? दुसरं म्हणजे पोरांना लागोपाठ खाऊ घालू नकोस. दुपारचं उशिरा, रात्रीचं आणखी उशिरा. "भूक लागल्यावर ताट परत येत नाही," ती म्हणाली. बावीस वर्षं पोरं जेवू घातलेली बाई होती, मी मुकाट्यानं लिहून घेतलं. आणि खरंच, त्या रात्री पहिल्यांदाच आमच्या टेबलावर काही उरलं नाही.

सोमवारी निघायचं. खोली सकाळी सोडली तरी खात्यातली जेवणं त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत चालतात. चार रात्रींची जेवणं आणि खायला पाच दिवस, ही योजनेतली एक सोय. दुपारी जेवून निघालो तेव्हा आमच्या खोलीच्या खात्यात दोन जेवणं आणि पाच खाऊ शिल्लक होते. खाऊचं आम्ही काय केलं सांगू? हॉटेलातल्या दुकानात पाकीटबंद बिस्किटं आणि गोळ्याही खाऊच्या खात्यात बसतात, त्यांच्यापुढं तशी खूण असते. पाच पाकिटं घेतली. आई-बाबांना दोन, मैत्रिणींना दोन, एक वाटेत ओमकारच्या पोटात. उरली दोन जेवणं. काका म्हणाले, "बांधून घेऊ या?" पण कुणाला भूक नव्हती आणि गाडीत सहा माणसांच्या मध्ये जागाही नव्हती.

वाटेत मी शेवटचा हिशेब केला. खाल्लेल्या सगळ्याची दरपत्रकातली किंमत धरली, तर मगसकट १०६० डॉलरच्या आसपास. भरले होते १२३५. म्हणजे पावणेदोनशेचा तोटा. आणि मग आम्ही एरवी विकत घेतलेच नसते, हे धरलं तर तीनशेचा. मी पुढच्या सीटवर वाकून काकांना आकडा सांगितला आणि ओमकारच्या वयाचंही सांगितलं, की मला ठाऊक आहे.

काका गाडी चालवत होते. म्हणाले, "तीनशे का? मला वाटलं पाचशे असेल." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पुढच्या वेळी बुकिंग करताना आईंना विचारू."

"मला कशाला?" मागून आजी म्हणाली. "सोनूला आता येतंय."

निघायला उशीर झाला होता, त्यात रस्त्यावर पाऊस. जॉर्जिया राज्यात शिरलो तेव्हा सगळे झोपले होते, काका आणि मी सोडून. आजीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. गाडीतल्या घड्याळात बारा वाजले. मी वही उघडली, अंधारातच 'शिल्लक जेवणं : दोन' असं लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिच्यापुढं लिहिलं, 'खाडा'.